मदत हवी आहे : दारू सोडवायला आयुष्मान कार्ड चालतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. मोठ्या भाऊंना सकाळी तोंड धुवायच्या आधी दारू लागते. नाही मिळाली की हात असे कापतात की बशीतला चहा सांडतो. मागे घरीच बंद करून पाहिली, तर रात्री त्यांना भिंतीवर नसलेले किडे दिसायला लागले. त्यामुळे आता भरतीच करायचंय.

कार्ड आहे, 5 लाखांचं. पण एका खासगी दवाखान्यात "व्यसन योजनेत बसत नाही" म्हणून वाटेला लावलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जशी जोडलेले विकार मानसिक आजारातच धरलेत, विम्यातही शारीरिक आजारासारखीच वागणूक द्यायला सांगितलंय. आयुष्मानच्या पॅकेजांतही (म्हणजे खर्च मिळणाऱ्या उपचारांच्या यादीतही) नशेमुळे होणारे मानसिक विकार आहेत. मग अडतंय कुठे?

जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कोणी पेशंट ठेवलाय का? खासगीत कार्डावर कोणी घेतं का? मंजुरीला कोणते कागद लागले, गोळ्या-औषधं बाहेरून आणावी लागली का?

माळ घाला, अमक्या बाबाची पुडी द्या, हे कृपया नको. सगळं करून झालंय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (14416) बोललोय.

जरा लवकर सांगा. भाऊ सध्या यायला तयार आहेत, मन फिरायच्या आत न्यायचंय.