मदत हवी आहे: नवीन फोनवर सगळ्या खुणा सरकल्यात, चार दिवसांत बोट जायची आहे

पाजेवरचा (२७ जुलै, रात्री ९.४०)
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. नवीन फोन घेतला, नकाशाचं अॅप टाकलं, खुणा टाकल्या. काल उघडून बघतो तर एकही खूण जागेवर नाही. सगळ्या खाली गुहागरच्या समोर जाऊन बसल्यात. दोन तर चिपळूणच्या अलीकडे, जमिनीवर! दुकानदार म्हणतो फोनचा जीपीएस ठीक आहे, मला नाही पटत. १ ऑगस्टला बोट काढायची, बर्फ-डिझेल सगळं ठरलंय. फोन बदलून घ्यायला दापोलीला जाऊ का? की काही सेटिंग आहे? लवकर सांगा.

भरती_ओहोटी (९.५२)
फोन कुठला? अॅप कुठलं? खुणा म्हणजे जाळी टाकायच्या जागा का? बोट कुठून निघते? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि लवकर सांगा म्हणे.

गुहागरची_पोर (९.५५)
आमच्या समोर आल्यात म्हणता? मग बदलू नका हो फोन. आमची माणसं जातील तिथे.

टर्मिनल_तात्या (१०.०४)
पहिलं काम, कंपनीने भरून दिलेली सिस्टीम काढून टाक. बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप) अनलॉक कर, लिनिएजओएस ही अँड्रॉइडची मुक्त आवृत्ती टाक. मी तिच्या आधीच्या सायनोजेनमॉडच्या काळापासून हेच करतोय. २०१६ च्या शेवटी ते बंद पडलं आणि लिनिएज आलं, तेव्हापासून एकाही फोनवर कंपनीचा कचरा ठेवलेला नाही. निम्मे प्रॉब्लेम तिथेच संपतात.

सरळमार्गी (१०.११)
तात्या, बूटलोडर अनलॉक केला की फोन पूर्ण पुसला जातो हे सांगा ना त्याला. वर बँकेची आणि यूपीआयची अॅप्स प्ले इंटिग्रिटीच्या, म्हणजे फोनची सिस्टीम बदललेली नाही ना या गुगलच्या तपासणीत अडकतात ती वेगळीच. लिलावाचे पैसे घ्यायचे कसे त्याने, शिंपल्यांत? चार दिवसांवर बोट आलेल्या माणसाला रॉम, म्हणजे अख्खी नवी सिस्टीम टाकायला सांगताय.

टर्मिनल_तात्या (१०.१३)
माझं यूपीआय चालतं.

सरळमार्गी (१०.१४)
तुमचं चालतं, कारण तुम्ही रविवारभर तेच करत बसता.

पाजेवरचा (१०.३०)
भांडू नका. नकाशाचं अॅप ऑसमअँड, एफ-ड्रॉइड या मुक्त अॅप्सच्या दुकानातून घेतलंय. अँड्रॉइड १५. बोट हर्णैची, हर्णैच्या पाजेवरचा मी, हे नावावरून कळत नाही का? खुणा म्हणजे खडपं, खडकाळ जागा, जिथे जाळी फाटतात ती, आणि थोड्या आमच्या जागा. समुद्रात नेट नसतं म्हणून ऑफलाइन नकाशा. अॅप काढून परत टाकू का?

भरती_ओहोटी (१०.३३)
थांब! काढू नकोस. अॅप काढलंस की त्याच्या फोल्डरमधलं सगळं जातं, खुणांसकट. आधी सेटिंग्जमध्ये लोकल बॅकअप, फाइलमध्ये बॅकअप घे आणि ती फाइल दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेव. मग काय हवा तो गोंधळ घाल.
आणि कोणी प्ले स्टोअरवरचं ऑसमअँड प्लस वरून टाकायला सांगितलं तर तेही ऐकू नकोस. पॅकेजचं नाव तेच, पण सही वेगळी असते. फोन म्हणतो आधीचं काढा, आणि माणूस काढतो. माझं असंच सगळं गेलं होतं.

नारळीबाग (१०.४१)
गुगल मॅप्समध्येही ऑफलाइन नकाशा घेता येतो. वर उजवीकडे आपल्या फोटोवर दाबा, ऑफलाइन मॅप्स निवडा, चौकोन ओढा, डाउनलोड करा. आमच्या होमस्टेला येणाऱ्यांना मी हेच सांगते. मुरुडच्या पुढे रेंज जाते.

भरती_ओहोटी (१०.४३)
ताई, तो दर्यावर चाललाय, होमस्टेला नाही.

निवृत्त_ड्राफ्ट्समन (२८ जुलै, सकाळी ६.१५)
हा डेटमचा, म्हणजे नकाशासाठी पृथ्वीचा जो आकार धरतात त्याचा घोटाळा आहे. आपले जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आखलेले, आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या डेटमवर. आम्ही खात्यात असताना हे रूपांतर हाताने करत असू. हल्लीच्या मुलांना डेटम हा शब्दच माहीत नाही.

मुरूडकरीण (७.०२)
काका, त्याने काहीशे मीटरचा फरक पडेल. हर्णैहून गुहागर म्हणजे पस्तीसेक किलोमीटर आहे. दोन गोष्टी सांगा, पाजेवरचे: सगळ्या खुणा सारख्याच अंतराने सरकल्यात का? आणि या खुणा फोनमध्ये आल्या कशा?

नाविक_नाही_नाविक (७.२०)
फोनला नाविक सपोर्ट आहे का ते बघा. जीपीएससारखी इस्रोची आपली सिस्टीम, आपल्या भागासाठीच केलेली. नवीन बऱ्याच फोनमध्ये असतं. नसेल तर असंच होणार.

मुरूडकरीण (७.२६)
उपग्रह जीपीएसचे असोत की नाविकचे, ते तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतात. तुम्ही नकाशावर खूण कुठे ठोकलीत त्याच्याशी त्यांचा संबंध नाही. पाजेवर उभं राहिल्यावर निळा टिपका पाजेवरच दिसतो ना?

पाजेवरचा (८.४५)
हो, टिपका बरोबर दिसतो. खुणा आल्या कशा म्हणजे? टाईप केल्या. वहीतून.

भरती_ओहोटी (८.४७)
कुठली वही??

पाजेवरचा (८.५५)
बाबांची. जुना फोन मे महिन्यात पाण्यात गेला, त्यातलं काही हाती लागलं नाही. बोटीवरच्या जीपीएस मशीनवरून बाबांनी अकरा वर्षं वहीत उतरवून ठेवलेल्या खुणा आहेत, पावसाळी मासेमारी बंदीत भाच्याला बसवून टाईप करून घेतल्या. मी फक्त नावांची यादी मोजली, ६३ होत्या, बरोबर होत्या. नकाशावर परवा पहिल्यांदा बघितलं. सारख्या अंतराने नाही सरकल्या. सगळ्या खाली गेल्यात हे खरं, पण जवळच्या थोड्याच पश्चिमेला आहेत आणि लांबच्या पार बाहेर गेल्यात.

मुरूडकरीण (८.५८)
हे काल लिहिलं असतंत तर काल सुटलं असतं. वहीतली एक ओळ जशीच्या तशी लिहा. स्पेस, रेघा, शून्य, काही गाळू नका. डोळ्यांना दिसणाऱ्या जागेची घ्या, किल्ल्याजवळची वगैरे.

खलाशी_क्रमांक_४ (९.०१)
अरे इथे टाकू नकोस! अख्खं बंदर वाचतं हे. परवा डोलीच्या (डोल जाळं लावायच्या) जागेवरून भांडण झालंय.

पाजेवरचा (९.१०)
माशाची जागा कोण देतंय. सुवर्णदुर्गाच्या पश्चिमेचं खडप देतो, ते सगळ्यांना माहीत आहे:
१७ ४८ ६५० / ७३ ०४ ५००
भाच्याने टाकलंय १७.४८६५० आणि ७३.०४५००.

सरळमार्गी (९.१४)
सापडलं. ते १७ अंश ४८ मिनिटं ६५.० सेकंद आहे. सेकंदांच्या फॉरमॅटमध्ये टाका.

मुरूडकरीण (९.३१)
सेकंद ६० च्या वर जात नाहीत हो, ६५ कुठून येतील? वहीत शेवटचे तीन आकडे ७००, ९०० असेही असणार. बोटीवरची मशीनं बहुतेक अंश आणि मिनिटं दाखवतात, आणि मिनिटांचेच दशांश. म्हणजे हे १७ अंश ४८.६५० मिनिटं. अंशात ६० मिनिटं असतात, भाच्याने १०० धरली. ४८.६५० ला ६० ने भागा, ०.८१०८३. खरा अक्षांश १७.८१०८३. त्याने टाकलेला १७.४८६५०, म्हणजे सरळ ३६ किलोमीटर दक्षिणेला, गुहागरच्या समोर.
रेखांशात ०४.५०० मिनिटं म्हणजे ०.०७५. खरा ७३.०७५, टाकलेला ७३.०४५. मिनिटंच कमी, म्हणून चूकही तीनेक किलोमीटरचीच. पण ७२ अंश ५५ मिनिटांची खूण ७२.५५ अशी टाकली तर ती ३९ किलोमीटर पश्चिमेला जाते. जवळच्या कमी सरकल्या आणि लांबच्या जास्त, त्या यामुळे. फोनचा जीपीएस बिघडला असता तर निळा टिपकाच चुकीच्या जागी दिसला असता. फोनही बरा आहे आणि अॅपही.

निवृत्त_ड्राफ्ट्समन (९.४०)
बरोबर आहे. तरी डेटम तपासून घ्यावा.

पाजेवरचा (९.४४)
६३ खुणा परत टाईप करायच्या? वही भिजलेली आहे, आधीच डोळे फुटले पोराचे.

भरती_ओहोटी (९.५८)
परत कशाला? अॅपमधून खुणांची जीपीएक्स फाइल काढ. ती साधी मजकुराची फाइल असते, आकडे डोळ्यांनी वाचता येतात. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये अक्षांशाचा एक रकाना आणि रेखांशाचा एक घे. प्रत्येक आकड्यात पूर्णांक तसाच ठेव, दशांशाच्या भागाला १०० ने गुण, ६० ने भाग आणि पूर्णांकात मिळव. एकदा सूत्र लिहिलं की खाली ओढायचं. जीपीएसबेबल नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, तो त्या यादीची परत जीपीएक्स करून देतो. फाइल बंद कप्प्यात असती तर आज तू रडत बसला असतास.

नाविक_नाही_नाविक (१०.०५)
म्हणजे फुकटच्या अॅपचीच चूक. विकतच्या अॅपने विचारलं असतं, कुठल्या फॉरमॅटमध्ये टाकताय म्हणून.

टर्मिनल_तात्या (१०.०९)
हे अॅपही विचारतं. कोऑर्डिनेट्स टाकताना फॉरमॅट निवडता येतो, अंश-मिनिटंसुद्धा. भाच्याने जे समोर दिसलं त्यात ठोकलं. आणि फुकटचं कशाला म्हणता, मुक्त म्हणा. आहे तोवर वापरून घ्या. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की अँड्रॉइडवर अॅप टाकायचं तर डेव्हलपरने आधी त्यांच्याकडे ओळख नोंदवायची, मग अॅप प्ले स्टोअरबाहेरचं का असेना. सप्टेंबर २०२६ ला ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, मग बाकीचं जग. एफ-ड्रॉइडने उघड सांगितलंय की हे असंच लागू झालं तर आम्हाला चालवणं कठीण.

सरळमार्गी (१०.१५)
अर्धंच सांगू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी हेही सांगितलं की जाणकारांना धोका पत्करून अॅप टाकायची वाट ठेवू. आणि ओळख विचारण्यात वाईट काय? आमच्या आळीत दोघांना वीजबिलाच्या नावाने फाइल पाठवून लुटलंय.

टर्मिनल_तात्या (१०.१८)
चोर खोटी ओळख देईल आणि हौसेने अॅप लिहिणारा मात्र नोंदणी नको म्हणून सोडून देईल. निसर्ग वादळात, जून २०२० ला, आमच्याकडे किती दिवस ना लाईट ना रेंज. सुपारीच्या बागा आडव्या, रस्ते बंद. फोनमध्ये आधीपासून उतरवलेला ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा होता, त्यावर पायवाट शोधून औषधं पोचवली. तो नकाशा लोकांनीच काढलेला.

नारळीबाग (१०.२२)
आमच्या वाडीत आठवडे गेले. गुगल मॅप्सचा ऑफलाइन चौकोन तेव्हा माहीत नव्हता.

पाजेवरचा (दुपारी १.१०)
झालं! किल्ल्याचं खडप जागेवर बसलं. भाच्याने सूत्र लिहिलं. ६३ पैकी ६१ समुद्रात आल्या. पण चिपळूणकडच्या त्या दोन आता आणखी आत गेल्या, महाबळेश्वरच्या खाली तापोळ्याच्या बाजूला. आता काय?

गुहागरची_पोर (१.१२)
तापोळ्याला निदान पाणी तरी आहे. परशुरामाने समुद्र मागे हटवला ती बातमी तुमच्या फोनला जरा जास्तच पोचलेली दिसते.

मुरूडकरीण (१.२०)
त्या दोन ओळी वहीत बघा. मिनिटं एकआकडी असतील आणि आधीचं शून्य गाळलं असेल. ७३ ०४ ५०० च्या जागी ७३ ४ ५००. मग टाईप करताना ७३.४५० होतं, आणि सूत्राने ७३.७५.

पाजेवरचा (१.३४)
ताई, तुमच्या पाया पडतो. एका ठिकाणी बाबांनी शून्य लिहिलेलंच नाही, दुसऱ्या ठिकाणी पाण्याने पुसलंय. बाबा म्हणतात, “मला माहीत होतं ते, शून्य लिहायला कशाला हवं?”

खलाशी_क्रमांक_४ (१.४०)
तांडेलाला, म्हणजे बाबांनाच बोटीवर घेऊन जा, वही घरी ठेव.

मुरूडकरीण (१.५२)
एक करा. पहिल्या फेरीत उजेडी, ओळखीच्या चार-पाच खडपांजवळून जा आणि फोन बोटीवरच्या मशीनशी ताडून बघा. फोन जोडीला ठेवा, मशीनच्या जागी नको. भिजलेल्या वहीतले आकडे आहेत, ३ चा ८ झाला असेल तर कुठलंच सूत्र पकडणार नाही.

टर्मिनल_तात्या (२.०५)
आणि ती खडपं ओपनस्ट्रीटमॅपवर टाक. ओपनसीमॅप हा समुद्राचा मुक्त नकाशा तिथूनच माहिती घेतो. बाहेरून येणाऱ्या बोटींचा तळ वाचेल.

खलाशी_क्रमांक_४ (२.०८)
झालं, सगळं बंदरच उघडं करा.

टर्मिनल_तात्या (२.१०)
खडप म्हटलं, माशाची जागा नाही म्हटलं.

पाजेवरचा (सायंकाळी ७.३०)
बाबांना विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही घेऊन बसले आणि ६३ पैकी २२ ओळींपुढे पेन्सिलने फुली मारली. म्हणाले, ही खडपं सांग, या फुल्यांवर आम्ही जाळी घालवलीत. बाकीच्या पानांना हात लावायचा नाही. त्या २२ मी मशीनशी ताडून आल्यावर टाकतो, आधी नाही. तात्या, तेव्हा कसं टाकायचं ते सांगा, पण रॉम नको.

भरती_ओहोटी (७.४१)
धाग्याचं शीर्षक बदल बाबा. उद्या कोणीतरी शोधत येईल आणि फोन बदलायला दापोलीला जाईल.

पाजेवरचा (७.४४)
बदलायला गेलो, संपादनाची वेळ संपली म्हणतंय. निघतो, जाळी भरायचीत.

नारळीबाग (७.५०)
हर्णैला सुरमई सुरू झाली की इथे कळवाल का? पाहुणे विचारतात.