आयजेमच्या टीमचं ते वर्ष: तुमच्या वाट्याला आलेलं लिहा

परवा यंदाची नवी टीम भेटली. दहा मिनिटांत त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "ताई, तुमचं नेमकं अडलं कुठे?" मी पोस्टर दाखवलं, अहवाल दाखवला, पण उत्तर त्यात सापडेना. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आयजेम ही सिंथेटिक बायोलॉजीची, म्हणजे जिवाणूंची जनुकं बदलून त्यांच्याकडून हवं ते काम करून घेण्याची, विद्यार्थ्यांची जागतिक स्पर्धा आहे. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेत एमआयटीमध्ये एक छोटा अभ्यासवर्ग म्हणून सुरुवात झाली, २००४ मध्ये ५ टीम्सची पहिली स्पर्धा झाली. आता दरवर्षी जगभरातून शेकडो टीम्स येतात. पूर्वी सगळे बॉस्टनला जमायचे, २०२२ पासून पॅरिसला जमतात. आमचं वर्ष २०२३ चं. पाण्यातला फ्लोराइड ओळखणारा जिवाणू तयार करायचा, हा प्रकल्प होता.

टीम दरवर्षी नवी असते. जुनी मुलं पास होऊन निघून जातात आणि त्यांना कळलेलं अर्धंअधिक त्यांच्याबरोबरच जातं. मेंबर, मेंटर, सर, सगळ्यांनी लिहा. लांबलं तरी चालेल.

वेट लॅब (प्रत्यक्ष प्रयोग करणारा गट), तेव्हा तिसऱ्या वर्षाला

जूनचा अख्खा महिना माझ्या प्लेट्स (जिवाणू वाढवायच्या आगरच्या बशा) कोऱ्या निघाल्या. कॉम्पिटंट सेल्स, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार केलेले जिवाणू, बर्फात अर्धा तास, ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा बर्फ, मग ३७ अंशांवर तासभर. सगळं घड्याळ लावून करायचे. सकाळी इन्क्युबेटर उघडला की आगर जसंच्या तसं, एक ठिपका नाही. घरी लातूरला फोन केला की आई विचारायची, "आले का गं तुझे जंतू?" आणि मला रडू फुटायचं.

मी आधी डीएनएला दोष दिला, मग सेल्सना, मग स्वतःच्या हाताला. मेंटर ताईंनी एकच काम सांगितलं, हीट ब्लॉकच्या, म्हणजे ट्यूब तापवायच्या यंत्राच्या, खाचेत पाणी भरलेली ट्यूब ठेव आणि त्यात काचेचा थर्मामीटर बुडव. पडद्यावर ४२ होतं, पारा ३७ च्या जरा वर. पाच अंशांचा फरक, आणि माझा महिना त्यात गेला. त्या दिवशी वहीत मी लाल शाईने लिहिलं: "पडद्यावर विश्वास ठेवू नये. दर सोमवारी पारा बघावा."

त्यानंतर कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, यायला लागल्या. खरा दिवस मात्र गणपतीतला. बिल्डिंग रिकामी, बाहेरून ढोलाचा आवाज येतोय. आम्ही रंगासाठी अमिलसीपी वापरलं होतं. ते मूळचं प्रवाळातलं प्रथिन. स्वीडनच्या उप्सालाच्या टीमने २०११ मध्ये ते आयजेमच्या जनुकांच्या सगळ्यांसाठी खुल्या नोंदवहीत टाकलं, आणि म्हणून पुण्यात आम्हाला वापरता आलं. त्याचा रंग चढायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी कॉलनी पांढऱ्याच दिसल्या. दुसऱ्या दिवशी सोडियम फ्लोराइड घातलेली प्लेट उजेडात धरली, तर कडेच्या चार कॉलनी जांभळट निळ्या! जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते ना, तशा. मी लॅबच्या दारातून, आत उभी राहूनच, वॉचमन काकांना दाखवली. दुसरं कुणी नव्हतं.

ह्युमन प्रॅक्टिसेस (लोकांशी बोलून प्रकल्प ठरवणारा गट), मूळची यवतमाळची

हा विषय मी मांडला होता. माझ्या मामाच्या गावी कितीतरी जणांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. लहानपणी मला वाटायचं, तंबाखूने होतं. पुढे कळलं, आमच्याकडे आणि चंद्रपूरकडे जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड असतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे वर्षानुवर्षं पोटात गेला तर आधी दात, मग हाडं.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं तिथे गेलो. बाटल्या मुद्दाम प्लास्टिकच्या, कारण फ्लोराइड काचेशी रासायनिक क्रिया करतो. हापशीवर एक आजी होत्या. हापशीच्या दांड्यावर कधीकाळी लाल रंग दिला होता, "पिऊ नका" म्हणून. त्यातला नखाएवढा तुकडा राहिला होता. मी त्यांना आमचं सगळं समजावून सांगितलं, जिवाणू, रंग, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, हे खराब हाय ते मले माईत हाय. रंग गेला का लोकं पुन्हा येथूनच भरतेत. दुसरी हापशी कोठं हाय, ते सांग."

मी गप्प झाले. तोवर आमचा जिवाणू हिरवा चमकणार होता, जीएफपी नावाच्या प्रथिनामुळे. तो बघायला निळा दिवा लागतो. परतीच्या एसटीत आम्ही ठरवलं, नुसत्या डोळ्यांनी दिसेल असाच रंग हवा. अमिलसीपी तिथून आलं. आणि त्या पंचक्रोशीतल्या ११ हापशींचं पाणी आम्ही आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडवर, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने मोजून ग्रामपंचायतीला यादी दिली. कुठल्या तीन हापशी चांगल्या आहेत ते ठळक अक्षरांत. स्पर्धेत याचे गुण मिळाले की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. मला त्या यादीचा अभिमान आहे.

पैशांची बाजू बघायचो

टीमची नोंदणी फीच तेव्हा पाच हजार डॉलरच्या पुढे होती. प्रायमर (प्रयोगाला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे), किट, विमान वेगळं. एका कंपनीने तोंडी हो म्हटलं, आम्ही बॅनरवर त्यांचं नाव छापलं, नंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. नव्या मुलांनो, लेखी घ्या. शेवटी माजी विद्यार्थ्यांनी पाचशे-हजार करत गोळा केलं. १२ जणांपैकी तिघंच पॅरिसला जाऊ शकले. मी गेलो नाही, आणि ते मला अजून लागतं.

ड्राय लॅब (संगणकावरचं काम करणारा गट)

वेबसाइट गिटलॅबवर करायची असते आणि ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या वेळी ती गोठते. त्यानंतर स्वल्पविरामही बदलता येत नाही. शेवटच्या रात्री दोघांनी एकच पान बदललं आणि एकाचं काम गेलं. बाकी मॉडेलिंगबद्दल वहीत व्यवस्थित आहे.

मेंटर, तेव्हा पीएचडीच्या चौथ्या वर्षात

नेमकं अडलं कुठे, ते मी लिहिते, कारण ती चूक माझ्या नजरेसमोर झाली.

आमचा स्विच म्हणजे बॅसिलस सेरियस या जिवाणूतला फ्लोराइड रायबोस्विच. फ्लोराइड नसेल तर आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, बनणं अर्ध्यातच थांबतं, असेल तर पूर्ण होतं आणि पुढचं रंगाचं जनुक चालू होतं. प्लेटवर निळं दिसलं ते खरंच होतं. पण त्या प्लेटमध्ये फ्लोराइड हापशीच्या पाण्याच्या साधारण चाळीसपट होता. यवतमाळचं पाणी घातलं की कॉलनी पांढऱ्याच. तीनदा केलं, तिन्हीदा पांढऱ्या.

कारण साधं आहे. आम्ही वापरला त्या जिवाणूला, ई. कोलायला, फ्लोराइड नको असतो. त्याच्या पेशीच्या पटलात फ्लोराइड बाहेर जाऊ देणारी वाट असते, ती सीआरसीबी जनुकामुळे. आम्ही आत स्विच बसवला आणि जिवाणू तो फ्लोराइड बाहेर काढत राहिला. ते जनुक काढलेला वाण हवा होता. हे मी जूनमध्ये वाचलंही होतं, पण कॉलनीच येत नव्हत्या त्या धावपळीत मागे पडलं. सप्टेंबरच्या शेवटी लक्षात आलं तेव्हा वाण मागवून येईपर्यंत स्पर्धा उरकली असती. मुलांना सांगताना माझा आवाज कापत होता. त्यांनी अहवालात पांढऱ्या प्लेटचा फोटो निळ्याच्या शेजारी तेवढ्याच आकारात लावला. तो निर्णय त्यांचा होता.

पीआय (टीमचे मार्गदर्शक सर)

दोनच गोष्टी सांगतो. जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंवर काम करायचं तर १९८९ च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, आयबीएससीची, मंजुरी लागते. अर्ज जानेवारीतच करा. आणि बदललेला जिवाणू लॅबच्या दाराबाहेर जाणार नाही. गावात जिवाणू न्यायचा नाही, गावचं पाणी लॅबमध्ये आणायचं. मुलांना तेव्हा माझा राग आला होता. आजही मी तेच सांगेन.

पॅरिसला गेलेल्यांपैकी

परीक्षकांनी पांढऱ्या प्लेटवर बोट ठेवून विचारलं, "हे का?" मी वेट लॅबची नव्हते, तरी मला सगळं सांगता आलं, कारण वहीत तारखेनिशी होतं. त्या वेळी इथे मध्यरात्रीपर्यंत सगळे कँटीनमध्ये लॅपटॉपभोवती बसून होते. मी बाहेर येऊन फोन केला तर पलीकडून नुसता गलका, कोण काय बोलतंय कळेना.

यंदाची टीम, दुसरं वर्ष

सगळं वाचलं. मायनस ८० च्या फ्रीझरमध्ये तिसऱ्या खणात तुमचा डबा सापडला, लेबल शाबूत आहे. सीआरसीबी काढलेला वाण गेल्या आठवड्यात आला, सरांच्या सहीनिशी मंजुरीही आली. सोमवारी सेल्स करतोय. आज हीट ब्लॉकमध्ये थर्मामीटर बुडवून बघितला, पारा ४१.८ वर आहे. आणि यवतमाळच्या ताई, आम्हाला त्या तीन हापशींची यादी पाठवाल का?