घरी रेकॉर्ड केलेला बेस गोधडीखालून आल्यासारखा वाटतो, प्रीॲम्प घेऊ का?

चौथी_तार
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतोय, स्टेजवर कधी तक्रार नाही. आता मित्राच्या गाण्यांसाठी घरून ट्रॅक देतोय, तर हेडफोनवर नुसती गुबगुब आणि मोबाइलवर बेस आहे की नाही तेच कळत नाही. ॲम्पला माइक लावणं डोंबिवलीच्या वन-बीएचकेत अशक्य, खालच्या काकू लाटणं घेऊन वर येतील. बेस पॅसिव्ह आहे (आत बॅटरी-सर्किट नाही), फेंडरच्या पी-बेससारखा. थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (कॉम्प्युटरला जोडायचा रेकॉर्डिंगचा डबा) लावतो. दुकानदार म्हणतो सान्सॅम्पसारखं प्रीॲम्प पेडल घ्या, म्हणजे सिग्नल वाढवून त्याला ॲम्पचा रंग देणारा छोटा डबा. फरक पडतो की नुसता खिसा हलका होतो?

खर्जातला
पडतो. पण आधी सांगा, केबल कुठे खोचलीय? मागच्या लाइन इनमध्ये असेल तर दुखणं तिथेच आहे. पॅसिव्ह पिकअपला (तारांची कंपनं पकडणारा भाग) समोर १ मेगाओमच्या आसपास इम्पिडन्सचं, म्हणजे सिग्नलवर कमी भार टाकणारं इनपुट लागतं, लाइन इन साधारण १० किलोओमचं. त्या भाराखाली वरची सगळी धार मरते. मग ट्रेबल कितीही वाढवा, हिस्स तेवढी वाढते. पुढच्या जॅकला ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ बटण असेल, ते दाबून तिथे लावा. आणि तारा कधी बदलल्या?

चौथी_तार
मागेच होती हो. पुढचा जॅक माइकचा समजत होतो. आता बोटांचा आवाजही येतोय! मोबाइलवर मात्र अजून गायब. तारा गणपतीआधी बदलल्या. म्हणजे मागच्या नाही, त्याच्याआधीच्या.

खर्जातला
अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा नामी बेसिस्ट जेम्स जेमर्सनही तारा बदलत नसे, पण त्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, मुळातच मऊ आवाजाच्या) होत्या आणि तो जेमर्सन होता. तुम्ही बदला.
मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. मोबाइलचा स्पीकर तिथवर उतरतच नाही. तिथे ऐकू येतात ते वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले सूर), आणि ते वाढवायलाच प्रीॲम्पचा ड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम आणलेली खरखर. ब्लेंड (साधा आणि पेडलचा आवाज मिसळायचा नॉब) निम्म्यावर ठेवा. एकटा ऐकताना बेस जरा खरखरीत, ओंगळच वाटला पाहिजे. ढोलक-कीबोर्ड आले की ती खरखर आत जिरते. पेडलवरच्या ‘बेस’ नावाच्या नॉबला हात लावू नका, सगळे तिथेच फसतात. हो, पेडल मध्ये आलं की मागचा लाइन इनही चालतो.

रात्रपाळी_मिक्स
पेडलला पॅरलल आउट (सिग्नल जसाच्या तसा बाहेर देणारा जॅक) असेल तर साधा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घ्याच. मी एकदा ड्राइव्ह चढवून सगळं गाणं घेतलं, साधा ट्रॅक नाही. नंतर ती खरखर काढता येईना, आणि बेसिस्ट तोवर दौऱ्यावर गेलेला. दोन्ही ट्रॅक एकत्र लावल्यावर खालचा भाग पोकळ वाटला तर एकाचा फेज उलटा करून बघा.

चौथी_तार
एकाचं पेडल दोन दिवसांसाठी मागून आणलंय. ड्राइव्ह घड्याळातल्या नऊवर, ब्लेंड बारावर. काल शेअर रिक्षात मोबाइलवर ऐकलं, इंजिनाच्या आवाजातही बेसची ओळ कळत होती. नव्या तारांनी बोटं सोलली आहेत. परवा पेडल परत द्यायचंय, तोवर उरलेली तीन गाणी उरकून घेतो.