परसात बसायची जागा: पेव्हर (फरशीचे ब्लॉक) खचू नयेत म्हणून खाली काय घालावं?

घरामागे १२ × १० फूट जागा आहे, माती काळी. संध्याकाळी सगळ्यांना बसता येईल अशी फरशी आणि वर मांडव करायचा आहे. थेट मातीवर वाळू पसरून ब्लॉक बसवले तर चालतील का?

ढाळ_आधी: नाही चालणार. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. ब्लॉक वरखाली होणारच. ८ इंच खोदा, तळ धुमसून घ्या. त्यावर कच (दगडाचा बारीक चुरा) मिसळलेली खडी, दाबून ४ इंच भरेल इतकी. म्हणजे ४० घनफूट, पण दबते म्हणून ५० मागवा. दोन थरांत घाला, प्रत्येक थर ओला करून धुमसा. एकदम ओतली तर वरचाच भाग दबतो. मग १ इंच वाळू (१० घनफूट), त्यावर ६० मिमीचे ब्लॉक. ढाळ घरापासून बाहेर, १० फुटांत २ इंच. फरशी जोत्यापेक्षा ६ इंच तरी खाली हवी, नाहीतर भिंतीला ओल धरते.

सुतारपक्षी: कडेला काँक्रीटची पट्टी विसरू नका, नाहीतर कडेचे ब्लॉक सरकतात आणि सांधे उघडतात. मांडवाचे लाकडी खांब काँक्रीटमध्ये पुरू नका, बुडाशी कुजतात. लोखंडी बूट (खांबाचं बूड धरणारी बैठक) वापरून खांब जमिनीपासून २ इंच वर ठेवा.

ढाळ_आधी: बरोबर. आणि दिव्यांची वायर पाइपात घालून ब्लॉकआधीच टाका.

प्रश्नकर्ता: सावलीसाठी मांडवाचं पूर्ण छत झाकायला हवं का?

सुतारपक्षी: संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, छत अडवत नाही. पश्चिमेला उभी जाळी आणि वेल लावा.