ताप गेल्यावरही इंजेक्शन कशासाठी?
संधिवाताचा ताप उतरल्यावरही मुलीला दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिन का द्यायचे, हा आपला प्रश्न रास्त आहे. हे औषध स्नायूत साठून काही आठवडे रक्तात थोडेथोडे उतरत राहते आणि घशात स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा पुन्हा संसर्ग होऊ देत नाही; हा ताप त्या संसर्गातूनच उद्भवतो. तापाचा प्रत्येक नवा झटका हृदयाच्या झडपा अधिक बिघडवू शकतो, म्हणून ते वर्षानुवर्षे चालते. पुण्यात माझ्या भाचीला देताना परिचारिका सुई शिरेत नाही ना, हे दरवेळी पाहतात, कारण ते शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. (दुखते मात्र फार!) त्वचेवरची चाचणी निर्दोष आली तरी ॲलर्जीचा धोका पूर्णपणे टळत नाही, त्यामुळे इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. झडपांचा आजार तीव्र असल्यास इंजेक्शनऐवजी गोळ्या घेण्याविषयी हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे.