रेव्ह. ना. वा. टिळक : पाळक कधी झाले, मिशनचे काम कधी सोडले? कालपट लावायला मदत हवी

ओवीवाचक
ख्रिस्ती कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांचा एका पानात मावेल असा कालपट करायचा आहे. गाडी दोन-तीन ठिकाणी अडते. काही लेखांत त्यांना १८९५ पासूनच ‘पाळक’ (ख्रिस्ती धर्मगुरू, म्हणजे ‘रेव्हरंड’) म्हटले आहे, काहींत ‘मिशनरी’. १९१७ नंतर त्यांनी ‘चर्च सोडले’ असेही वाचले. जन्मवर्ष कुठे १८६१ आहे, तर कुठे १८६२. यातले काय धरावे आणि पडताळायचे कुठे?

दप्तरखाना
बाप्तिस्मा, पाळकपदाची दीक्षा आणि मिशनचा पगार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कालपटात त्यांना तीन वेगळ्या ओळी द्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. त्याने माणूस मंडळीचा (चर्चचा) सभासद होतो, पाळक होत नाही. पुढची काही वर्षे टिळक अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. तिथल्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) शिकवणे आणि उपदेश करणे हे त्यांचे काम. पाळकपदाची दीक्षा १९०४ ची. म्हणून १८९५ ते १९०४ या काळातल्या प्रसंगांत ‘रेव्हरंड’ लिहिणे चूक आहे, मग ते कितीही रूढ असो.

‘मिशनरी’ शब्दाने घोटाळा होतो तो वेगळाच. मिशनच्या वार्षिक अहवालांत ‘मिशनरी’ म्हणजे अमेरिकेच्या बोर्डाने (मिशन चालवणाऱ्या तिथल्या संस्थेने) नेमून पाठवलेली माणसे. त्या यादीत टिळक शोधाल तर सापडणार नाहीत. भारतीय कामकऱ्यांचे तक्ते निराळे असतात, आणि त्यांतही दीक्षित पाळक, उपदेशक, शिक्षक आणि बायबल-स्त्रिया (बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या) असे रकाने पाडलेले असतात. आज आपण त्यांना मिशनरी म्हणतो ते धर्मप्रसारक या अर्थाने. ते बरोबरच आहे, पण कालपटात पदनाम म्हणून तो शब्द घालू नका.

आता १९१७. त्या वर्षी त्यांनी मिशनचा पगार आणि नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचे ठरवले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही आणि मंडळीशी नातेही तोडले नाही. परदेशी पैशावर चालणाऱ्या यंत्रणेतून मात्र ते बाहेर पडले. येशूचा मार्ग इथल्या माणसाने इथल्या रीतीने चालावा, हा आग्रह त्यांच्या कवितेत आणि भजनांत आधीपासून होता. १९१७ ला तो राहणीत उतरला. ‘चर्च सोडले’ हे वाक्य त्यांच्यावर अन्याय करते, ते काढाच.

मृत्यू ९ मे १९१९, मुंबईत. दफन नव्हे, त्यांच्याच इच्छेनुसार दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेल्या. म्हणून दफन-नोंदवहीत नाव शोधण्यात वेळ घालवू नका.

शके_ते_सन
वरच्या उत्तराला जोडून जन्मवर्षाबद्दल. ६ डिसेंबर १८६१ धरा. अशी एका वर्षाची तफावत बऱ्याचदा शकाचे सन करताना येते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. डिसेंबरचा जन्म, शके १७८३, अधिक ७८, म्हणजे १८६१. सरसकट ७९ मिळवले की १८६२ होते. बाप्तिस्म्याला उलट हिशेब: फेब्रुवारी, शके १८१६, अधिक ७९, म्हणजे १८९५. तिथे ७८ मिळवले तर वर्षभर मागे जाल.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावरून कालपट लावत असाल तर सावध. आठवणी जिवंत आहेत, पण तारखा थोड्याच, आणि लिखाण त्या घटनांनंतर काही दशकांनी झालेले. त्यांतले प्रसंग ठरलेल्या खुंट्यांना बांधा: मुंबईतला प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात उघड झाला, छप्पन्नचा (संवत १९५६ चा) दुष्काळ १८९९-१९०० चा, लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा, जळगावचे कविसंमेलन १९०७ चे. नवरा-बायकोची ताटातूट जवळजवळ पाच वर्षांची, म्हणजे ती १८९५ नंतर आणि १९०० च्या आत बसायला हवी. एखादा प्रसंग दोन खुंट्यांच्या मध्ये पडला तर ‘सुमारे’ लिहा, वर्ष ठोकून देऊ नका.

कागदांचे म्हणाल तर अमेरिकन बोर्डाचे दप्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. लोक हटकून ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-नोंदींकडे धावतात. त्या मुख्यतः युरोपीयांच्या. भारतीय ख्रिस्ती क्वचित, त्यातून टिळकांचे मिशन काँग्रिगेशनल पंथाचे. त्या पंथात बिशप नसतो, त्यामुळे दीक्षेचा कागद बिशपच्या कचेरीत मिळेल ही अपेक्षाच चुकीची आहे. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे जुने अंक मात्र पाहाच, १९१२ पासून टिळक त्याच्या मराठी बाजूचे संपादक होते.

नावांतही दोन सापळे आहेत. नुसते ‘टिळक’ शोधले तर लोकमान्यच समोर येतात, म्हणून ‘ना. वा. टिळक’ किंवा ‘रे. टिळक’ असे शोधा. आणि अहमदनगरच्या मिशनमधले डॉ. ह्यूम म्हणजे रॉबर्ट ॲलन ह्यूम, काँग्रेसचे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम नव्हेत.

ओवीवाचक
‘रेव्हरंड’ आणि ‘चर्च सोडले’ दोन्ही दुरुस्त केले. कालपटाखाली ग्रंथांची एक ओळ द्यायची आहे. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य टिळकांच्या नावावर घालू ना?

टाळचिपळी
एकट्यांच्या नावावर नको. टिळकांच्या हातून पहिले दहा-अकरा अध्यायच झाले. पुढचे ६४ लक्ष्मीबाईंचे. दोघांची नावे लिहा. सगळे टिळकांवर टाकले की त्या बाईंची वर्षानुवर्षांची मेहनत पुसली जाते.

अभंग देणार असाल तर शेवटचा चरण बघून घ्या. टिळकांची मुद्रा (शेवटी येणारी नाममुद्रा) ‘दास’ आहे. ‘दास म्हणे’ दिसले की भजनांच्या वह्यांत ते रामदासांच्या खाती जमा होते आणि कधी उलटही होते. नुसत्या मुद्रेवर निर्णय करू नका: आत येशू, ख्रिस्त, क्रूस हे शब्द आहेत का ते पाहा, आणि ओळ टिळकांच्या छापील ‘अभंगांजली’ या अभंगसंग्रहात मिळते का ते ताडा. तिथे मिळाली नाही तर ती ओळ गाळलेली बरी.

आणखी एक. ख्रिस्ती कीर्तनाचे ‘जनक’ टिळक, असे लिहू नका. अहमदनगरला त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तने करत होते.