शरद म्हणजे पानगळ? आश्विनातल्या नदीकाठचे शब्द

कृष्णाकाठ

माझी भाची वाईत सातवीत शिकते. तिला शाळेत निबंध दिलाय, 'शरद ऋतूतील नदीकाठ'. पहिल्याच परिच्छेदात तिने पिवळी पानं गळून नदीत पडतात, वाटेवर वाळक्या पानांचा सडा असतो आणि बोचरा वारा सुटतो, असं लिहिलंय. गणपती घाट तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी हे चित्र आलं ते शब्दकोशातून: ऑटम म्हणजे शरद, ऑटममध्ये पानं गळतात, म्हणून शरदात पानं गळतात.

आश्विनात घाटावरून मेणवलीच्या बाजूला चालत गेलं तर काय दिसतं? उंबर, करंज, जांभूळ हिरवेगार. बांधांवर गवत कमरेला लागेल इतकं. दुपारी चारला ऊन असं की डोक्यावर पंचा घ्यावा लागतो. पाचच्या सुमाराला आभाळ येतं, तेही पश्चिमेला पांडवगडाकडून नाही, उगवतीकडून. एक जोराची सर पडते, आपण कुठल्यातरी देवळाच्या ओसरीत उभे राहतो, आणि सहाला पुन्हा असं लख्ख ऊन पडतं की पायऱ्यांवरून वाफा निघतात.

तर जाणकारांनी यावर बोलावं. शरदाला पानगळ म्हणावं का? 'उघडीप' आणि 'उघाड' यांत फरक आहे का? आणि दोन तासांत तीनदा पालटणाऱ्या या हवेला मराठीत म्हणायचं काय? 'हवामान बदल' म्हणवत नाही, त्याचा अर्थ आता निराळा झालाय.

तळकोकण

पानगळ ही शिशिरातली, म्हणजे माघ-फाल्गुनातली. साग, सावर, पळस तेव्हा उघडे होतात, पिंपळही त्याच सुमाराला पानं टाकून महिनाभरात नवी घेतो. आश्विन-कार्तिकाचा शरद म्हणजे पावसाचं पाणी पोटात घेऊन उभी असलेली झाडं. तेव्हा भाचीच्या निबंधातला पहिला परिच्छेद फेब्रुवारीचा आहे. तो ठेवायचा असेल तर शीर्षक बदलावं लागेल.

'आभाळ आलं' यावर थोडं. आभाळ हा शब्द संस्कृत 'अभ्र' म्हणजे ढग याच्या घरातला. म्हणून खेड्यातला माणूस 'आभाळ आलंय' म्हणतो तेव्हा तो ढग आलेत असंच म्हणत असतो. आकाश कुठून येणार, ते तर असतंच. पण तोच माणूस 'आभाळाकडे बघ' म्हणतो तेव्हा अर्थ आकाश असतो. ढगाचा शब्द आकाशाला लागला.

आमच्याकडे अशीच जोडी 'मळभ' शब्दाची आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मळभ म्हणजे ढगांनी आलेला काळोखा, कुंदपणा. आंब्याला मोहोर असताना मळभ आलं की बागायतदाराचा जीव वरखाली होतो. पण तेरेखोलपलीकडे गोव्यात गेलात की कोकणीत 'मळब' म्हणजे सरळ आकाश. निळं, स्वच्छ असलं तरी मळबच. आमच्या सावंतवाडीच्या माणसाला पहिल्यांदा ते ऐकताना विचित्र वाटतं, कारण त्याच्या कानाला 'मळब निळें' म्हणजे ढगाळ निरभ्र असं काहीतरी लागतं.

थेम्सकाठ

मी रिचमंडजवळ राहतो, नदीकाठाने रोज चालतो. इथे ऑक्टोबरात चेस्टनटची पानं तांबूस होऊन खरोखर पाण्यात पडतात, वाट पानांनी झाकते, महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की साडेचार-पाचला अंधारून येतं. घरी मुलांशी मराठीत बोलताना मी याला 'पानगळ' म्हणतो. 'पानगळ सुरू झाली', 'पानगळीची सुट्टी'. शरद कधीच म्हणत नाही, कारण शरद म्हटलं की मला कोजागरीचं चांदणं आणि मसाला दूध आठवतं, आणि इथल्या ऑक्टोबरात ते कुठे? खगोलात 22-23 सप्टेंबरला शरद संपात म्हणतात ते ठीक आहे, ते सूर्याचं गणित आहे. पण ऋतूचं नाव त्या त्या जागच्या मातीवरून पडावं. इंग्लंडच्या ऑटमला पानगळ आणि वाईच्या शरदाला शरद, असं वेगळं ठेवलं की गोंधळ राहत नाही.

सीनाकाठ

मी शेतकरी आहे, सोलापूर जिल्ह्यातला. उघडीप आणि उघाड यावर माझं म्हणणं.

पेपरात येते ती उघडीप: 'पावसाने उघडीप दिली', 'तीन दिवसांच्या उघडिपीनंतर पुन्हा हजेरी'. आम्ही बोलतो ती उघाड: 'आज उघाड हाय', 'उघाड पडली की खुरपायला लागू'. अर्थ जवळ जवळ एकच, पाऊस थांबून आभाळ मोकळं होणं. पण माझ्या कानाला एक बारीक फरक लागतो. उघडीप म्हणजे पावसाने घेतलेली विश्रांती, म्हणजे तो पुन्हा येणार हे गृहीत. उघाडीत तेवढं गृहीत नाही. ती तासाभराचीही असते, आठवड्याचीही, आणि पाऊस कायमचा गेला तरी 'उघाड पडली' म्हणता येतं. तासाभराच्या मोकळ्या आभाळाला उघडीप म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हणून वाईच्या संध्याकाळी सर पडून ऊन आलं त्याला उघाड म्हणा.

आणि उघाड पडली म्हणून लगेच शेतात जाता येत नाही. त्यापुढचा शब्द 'वाफसा'. मूठभर माती उचलून दाबायची. हाताला चिकटली, बोटांत गोळा राहिला तर वाफसा नाही. दाबल्यावर गोळा झाला आणि अंगठ्याने ढकलल्यावर भुसभुशीत होऊन सुटला तर वाफसा आला. तेव्हा कुळव घालायचा. आमच्या भागात 'घात आली' असंही म्हणतात. हा शब्द नदीकाठच्या निबंधात यायलाच हवा, कारण काठावरच्या मळईत, म्हणजे गाळाच्या जमिनीत, वाफसा उशिरा येतो आणि माळावर लवकर. एकाच गावात एकाचा शाळू पेरून होतो आणि दुसरा वाट बघत बसतो.

एक सांगायचंय सगळ्यांना. 'परतीचा पाऊस' हा शब्द हळुवार वाटतो, पण सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा आमच्या माढा-करमाळ्याच्या बाजूला उभी पिकं, जनावरं, घरातलं धान्य गेलं. तेव्हा आमच्या तोंडी एकच शब्द होता, 'ओसरणं'. पाणी ओसरलं का? किती ओसरलं? तोच शब्द आम्ही तापाला वापरतो, गर्दीला वापरतो, रागालाही वापरतो.

हवामानाची वही

सीनाकाठ, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल मनापासून वाईट वाटलं. त्याला धरूनच शब्दांच्या काटेकोरपणाबद्दल लिहितो, कारण चुकीच्या शब्दाने पंचनामासुद्धा अडतो.

अतिवृष्टी हा नुसता 'खूप पाऊस' नाही. महसूल खात्याच्या हिशेबात एखाद्या महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. ढगफुटी त्याहून फार निराळी: लहानशा भागावर एका तासात 100 मिलिमीटर किंवा जास्त. बातम्यांत कुठल्याही धो-धो पावसाला 'ढगफुटी' म्हणतात आणि शंका आली की 'ढगफुटीसदृश' म्हणून मोकळे होतात. मुसळधार हा आपला जुना चांगला शब्द असताना याची गरज नाही.

'अवकाळी'चंही तसंच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला पाऊस अवकाळी नव्हे. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मान्सून पश्चिम राजस्थानातून 17 सप्टेंबरच्या सुमाराला माघारी फिरतो आणि मुंबई-पुण्यातून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो. तोवर पडतो तो काळातलाच पाऊस. 2019 मध्ये तर माघार सुरू व्हायलाच 9 ऑक्टोबर उजाडला होता. त्याच वर्षी 25 सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. मार्चमधली गारपीट अवकाळी, आश्विनातली सर नाही.

कृष्णाकाठ, उगवतीकडून आभाळ येतं हे तुम्ही बरोबर टिपलंय. पश्चिमेचे वारे मंदावले की दुपारच्या तापाने ढग तयार होतात आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर येतात. गडगडाट, वावटळ, तासाभराचा खेळ. स्वभावाने हा पाऊस वळवासारखाच असतो. पण वळीव हे नाव बहुतेक ठिकाणी मृगाआधीच्या पावसाला लागतं, म्हणून याला परतीचा म्हणणंच बरं.

वर्धेकाठ

आमच्या विदर्भात पावसाला पाणी म्हणतात. 'पाणी येऊन राहिलं', 'रात्रभर पाणी पडलं'. सलग चार दिवस लागलं की झड. आश्विनात झड लागली की फुटलेल्या कापसाची बोंडं काळी पडतात, म्हणून आमच्याकडे हा शब्द कुणी हौसेने उच्चारत नाही.

ऊन असताना पडणाऱ्या पावसाला कुणी 'नागडा पाऊस' म्हणतं, पोरं 'कोल्ह्याचं लग्न' म्हणतात. सातवीच्या निबंधात दुसरं शोभेल.

शारदा

मी आयुर्वेद शिकते, म्हणून दोन शब्द त्या बाजूचे. पालटत्या हवेच्या या दिवसांना तिथे 'ऋतुसंधी' म्हणतात: सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस. तेवढ्यात आधीचा आहारविहार हळूहळू सोडायचा आणि पुढचा धरायचा. या दिवसांत सर्दी-ताप, पित्त वाढतं. 'वैद्यानां शारदी माता' असं जुनं वचन आहे, म्हणजे शरद ऋतू वैद्यांना आईसारखा पोसतो.

दुसरा शब्द मला फार प्रिय आहे, 'हंसोदक'. दिवसा सूर्याने तापलेलं, रात्री चंद्राने निवालेलं आणि अगस्ती ताऱ्याच्या उदयाने निर्दोष झालेलं शरदातलं पाणी ते हंसोदक. पावसाळाभर गढूळ वाहिलेली नदी या दिवसांत तळ दाखवू लागते, हे ज्यांनी पाहिलं त्यांनीच हा शब्द केला असणार.

कृष्णाकाठ

शारदा, तुमच्या हंसोदकाने मला हवा होता तो शब्द सापडला: 'निवळणं'.

श्रावणात कृष्णेचं पाणी चहाच्या रंगाचं असतं. घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 मध्ये रास्त्यांनी बांधलं, त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर फाटून दोन्ही अंगांनी जावा म्हणून. भाद्रपदापर्यंत त्या भिंतीला गाळाची रेघ चढलेली दिसते. आश्विनात पाऊस कमी झाला आणि वर धोम धरणाचे दरवाजे बंद असले की पाणी दोन-तीन दिवसांत निवळतं, पायरीखालची पायरी दिसते, त्यावरचं शेवाळ दिसतं, त्यात फिरणारे मासे दिसतात. धरणातून पाणी सोडलं की पुन्हा गढूळ.

आता याच शब्दाचा पसारा बघा. पाणी निवळतं, आणि पाऊस सरून गेल्यावर आभाळही निवळतं. तणाव निवळतो, भांडण निवळतं. पूर्वी गढूळ पाण्याच्या घागरीत ज्या झाडाची बी उगाळून घालत त्या झाडाचं नावच निवळी. सगळं 'निर्मळ'च्या कुळातलं. शरदाची खूण मराठीत सांगायची तर मी 'पानं गळतात' असं म्हणणार नाही, 'निवळतं' असं म्हणेन. पाणी आणि आभाळ या दोघांना एकच क्रियापद लागतं असा हा ऋतू आहे, आणि नदीकाठावर उभं राहिलं की दोन्ही एकदम दिसतात. भाचीला मी हेच सांगणार आहे, आणि घाटावर नेऊन दाखवणार आहे.

राहिला तो पालटत्या हवेचा शब्द. ऋतुसंधी चांगला आहे, पण तो पंधरवड्याचा. एका संध्याकाळचं काय?

तळकोकण

एका शब्दाचा हट्ट सोडा. आपल्याकडे त्याला क्रियापदं आणि वाक्यं आहेत. 'हवेचा नेम नाही'. 'घडीत ऊन, घडीत पाऊस'. 'आभाळ उघडतंय-झाकतंय'. सर यायच्या आधी वारा पडतो आणि अंगाला घाम फुटतो त्याला आम्ही 'गदमदतंय' म्हणतो. तो शब्द ऐकला की छत्री घ्यावी. 'लहरी हवामान' बातम्यांत चालतं, बोलताना कुणी म्हणत नाही.

एकच जपा: 'हवापालट' वापरू नका. हवा पालटली म्हणजे बाहेरची हवा बदलली. हवापालट म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाने पाचगणीला जाऊन राहणं. दोन्हींत शब्द तेच, पण एकात हवा हलते आणि दुसऱ्यात माणूस.

सीनाकाठ

नक्षत्रांच्या म्हणीही भाचीला द्या, परीक्षेत उपयोगी पडतील. 'पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा', इतकं पीक येतं की कुत्रंही भाताला तोंड लावत नाही. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्तात जातो, त्याला आम्ही हत्ती म्हणतो. तेव्हाच पाटावर हत्ती काढून पोरी हादगा खेळतात. हत्तीचा पाऊस भिंती पाडतो असं जुने लोक सांगतात. चित्रा ऑक्टोबरात, आणि शेवटी 'पडतील स्वाती, तर पिकतील मोती', हे रब्बीच्या ज्वारीसाठी.

आमच्याकडे परवापासून उघाड आहे. माळावर वाफसा आलाय, मळईत अजून चार दिवस लागतील.